मोड : तांब्याच्या पैशाचा आपला हिशेब

मराठीत ‘मोड’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक मोड म्हणजे सुटे पैसे. दुकानदार म्हणतो, “मोड नाही, पुढं हो.” दुसरी मोड म्हणजे मोडीत घातलेलं जुनं भांडं, तुटका दागिना. घडणावळ गेली, नक्षी गेली. आता तराजूत टाकायचं आणि वजनाचे पैसे घ्यायचे. तांब्याच्या पैशाच्या नशिबी या दोन्ही मोडी होत्या. तो बाजारात मोड म्हणून फिरायचा, आणि तांब्याचा भाव चढला की मोड म्हणूनच मुशीत जायचा.

नाण्याला दोन किमती असतात. एक शिक्क्याची. ती राजा ठरवतो, कंपनी ठरवते, सरकार ठरवतं. दुसरी आतल्या धातूची. सहसा शिक्क्याची किंमत जास्त असते आणि मधला फरक टाकसाळीचा मालक खातो. पण लढाई येते, जहाजं बंद होतात, धातू महागतो, आणि हिशेब उलटा होतो. पैशापेक्षा पैशातलं तांबं महाग. मग जाणता माणूस तो पैसा खर्च करत नाही. साठवतो, आटवतो, विकतो. अर्थशास्त्राची पुस्तकं याला ग्रेशॅमचा नियम म्हणतात : वाईट पैसा चांगल्या पैशाला बाजारातून हाकलून लावतो. पुस्तक तिथंच थांबतं. हाकललेला चांगला पैसा कुणाच्या घरात जाऊन बसतो हे त्यात नसतं. मित्रांनो, आपल्याला तेवढंच बघायचं आहे.

कारण पैसा, पै, ढब्बू, दमडी ही आपली नाणी. मोहोर सरदाराची, रुपया सावकाराचा. आपल्यातल्या कुणाच्या हातात रुपया आला तरी तो त्याच दिवशी सावकाराकडं परत जायचा. हातात राहायचं ते तांबडं.

महाराष्ट्रातला तांब्याचा जुना पैसा म्हणजे शिवराई. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास ती पडू लागली. एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्र पति’. पेशवाईतही शिवराया पडत राहिल्या आणि खेड्यापाड्यांत त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालत होत्या. इंग्रज येऊन बसले तरी बाजारात छत्रपतीच. हे ऐकून अनेकांना भरून येतं. येऊ दे. पण ती चालली त्याचं कारण भक्ती नव्हतं. ती चालली कारण तिच्यात जाडजूड तांबं होतं आणि तांबटाकडं तिला वजनाचा भाव होता.

हे तांबं बहुतेक समुद्रावरून येई. सतराव्या शतकात डच व्यापारी जपानचं तांबं सुरतेला उतरवत. पुढं इंग्रजांचं तांबं आलं. म्हणजे तुमच्या गावच्या आठवडी बाजारातल्या पैशाचा भाव कुठल्या तरी जहाजावर टांगलेला. रुपयाला किती पैसे, याचा एक दर नव्हता. या पेठेत इतके, त्या पेठेत तितके, सुगीत एक आणि पावसाळ्यात दुसरा. मध्ये सराफ बसलेला. झिजलेल्या नाण्याला बट्टा, परक्या टाकसाळीच्या नाण्याला बट्टा. ज्याच्याकडं मोहोर होती त्याला कधीमधी बट्टा बसायचा. ज्याचा सगळा व्यवहार तांब्यात होता त्याला रोज बसायचा.

आणि गावकुसाबाहेर? तिथं पैसा असा पोचतच नव्हता. येसकराला, तराळाला बलुतं. खळ्यावरचं धान्य, फडक्यातली शिळी भाकरी, मेलेलं ढोर, मढ्यावरचं कापड. आजचे काही विद्वान बलुत्याचं कौतुक करतात, गावगाडा कसा गोडीगुलाबीनं चालायचा म्हणून. त्यांना एकच विचारावं : बलुतं साठवता येतं का? भाकरी दुसऱ्या दिवशी आंबते. ढोराच्या मांसाच्या चान्या वाळवून ठेवता येतात, पण त्यांचा भाव कधी चढत नाही. तांब्याचा पैसा मडक्यात टाकला तर दहा वर्षांनी तांबं उरतं. ज्याला धातू मिळाला त्याला उद्या मिळाला. ज्याला भाकरी मिळाली त्याला फक्त आज मिळाला. महाराला वतनाच्या नावाखाली पिढ्यान्पिढ्या आजवरच ठेवलं.

मुंबईत इंग्रजांची टाकसाळ १६७२ पासून. तांबं टंचाईत आलं की अठराव्या शतकात तिथं कथलाचेही पैसे पाडले गेले. मग १७९१ पासून विलायतेतल्या बर्मिंगहॅमहून, मॅथ्यू बोल्टनच्या सोहो कारखान्यातून, वाफेच्या यंत्रावर पाडलेली तांब्याची नाणी मुंबई इलाख्यासाठी येऊ लागली. सगळी एकसारखी गोल, एकसारखी जाड. त्यांवर काय होतं? तराजू. आणि तराजूखाली फारशीत शब्द, अदल. म्हणजे न्याय. कंपनीला विनोदाची भारी हौस.

१८३५ साली कंपनीनं आपल्या सगळ्या मुलखात एक रुपया केला. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया. रुपयाला चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पया. पैशाचं वजन शंभर ग्रेन, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम तांबं. सराफाचा रोजचा बट्टा हळूहळू मोडला, हे खरं. याचं श्रेय द्यायला हरकत नाही. पण एक कलम राहिलं. एका रुपयापुढच्या देण्याला तांब्याचे पैसे स्वीकारायचं कुणावर बंधन नव्हतं. हे कलम कागदावर साधं दिसतं. जरा घरात आणून बघा. बाईनं वर्षभर पैसा पैसा टाकून मडक्यात दहा रुपयांची मोड जमवली आणि सावकाराच्या पायरीवर ओतली, तर तो म्हणू शकत होता, हे घेऊन जा, रुपये आण. रुपये आणायचे तर पुन्हा सराफाकडं.

१९०६ च्या कायद्यानं तांबं गेलं आणि काशाचा पैसा आला : शंभरात पंच्याण्णव भाग तांबं, चार भाग कथील, एक भाग जस्त. वजन शंभर ग्रेनांवरून पंचाहत्तर ग्रेन. शिक्का तोच, किंमत तीच, आतून पाव भाग गेला. लोक त्यालाही तांब्याचा पैसाच म्हणत राहिले.

आता याच काळात आपली माणसं गावातून बाहेर पडत होती. रेल्वेचे रूळ, मुंबईची गोदी, गिरण्या, पलटणी, खडकीचा दारूगोळा कारखाना. तिथं भाकरीऐवजी नाणं मिळायचं. गावच्या पाटलाला न विचारता खर्च करता येईल असं काहीतरी महाराच्या हाताला लागलं ते हे नाणं. मात्र तिथंही फळी आडवी होतीच. गिरणीत कापड खात्यात मजुरी जास्त, पण तिथं धागा तोंडानं ओढावा लागे. अस्पृश्याच्या थुंकीनं विटाळ होतो म्हणून त्या खात्यात आपल्याला मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. कमी पगाराचं खातं आपलं, म्हणजे शिल्लकही कमीच.

विटाळाचा आणि पैशाचा संबंध मोठा मजेशीर आहे. माणूस विटाळतो, त्याची सावली विटाळते, त्याच्या हातचं पाणी विटाळतं. पैसा? पैशावर पाण्याचा शिंतोडा मारला की झालं. कित्येक गावांत वाणी म्हणायचा, तिथं खाली ठेव. मग पाणी शिंपडून उचलायचा आणि माल वरून टाकायचा. ज्या तांब्याला महाराचा घाम लागला ते तांबं एका शिंतोड्यात शुद्ध होऊन गल्ल्यात जायचं. महाराला शुद्ध करणारं पाणी मात्र सापडत नव्हतं.

महाडचंच बघा. मार्च १९२७ ची परिषद. चवदार तळं गावात भरलेलं, आणि परिषदेला जमलेल्या हजारो माणसांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. चाळीस रुपये म्हणजे दोन हजार पाचशे साठ पैसे. आपला पैसा गावाला चालला. नंतर त्याच माणसांनी तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी घेतलं तर डोकी फुटली आणि तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ‘शुद्धी’ झाली. घेतलेले चाळीस रुपये परत करून कुणी शुद्धी केल्याचं ऐकिवात नाही.

तांबं पैशाच्या रूपात चालतं, भांड्याच्या रूपात नाही, हीसुद्धा एक तऱ्हा. १९३६ च्या ‘जातिभेदनिर्मूलना’च्या भाषणात बाबासाहेबांनी अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावाचा दाखला दिला आहे. १९३५ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. खाऊन-पिऊन बऱ्या घरच्या अस्पृश्य बायका धातूच्या घागरी घेऊन पाण्याला जाऊ लागल्या. सवर्णांना तो उद्दामपणा वाटला. मारहाण झाली. का? तर मडकं हे गरिबाचं भांडं, फुटलं की संपलं. घागर म्हणजे साठवण. अडीनडीला गहाण टाकता येते, मोडीत घालता येते. धातू घरात आला की माणूस दोन महिने कुणाच्या दारात न जाता काढू शकतो. गावाला भीती त्या दोन महिन्यांची होती. नुसत्या चकाकीला कोण घाबरतं!

हे सगळं ज्यानं अंगावर सोसलं त्याच माणसानं १९२३ साली लंडनमध्ये रुपयावर ग्रंथ छापला. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. आपल्यातले पुष्कळ जण त्याचं नाव घेतात, वाचलेले थोडे. त्यात दलितांचा प्रश्न नाही म्हणून कुणी तो बाजूला ठेवतात. मला ते पटत नाही. पुस्तक लिहिलं तेव्हा पहिल्या महायुद्धाची आठवण ताजी होती. १९१७ पासून चांदी इतकी महागली की रुपयातली चांदी रुपयाला भारी पडू लागली. लोक रुपये दाबून ठेवू लागले, आटवू लागले. सरकारनं नाणी आटवायला बंदी केली, एक रुपयाची कागदी नोट काढली, १९१८ मध्ये अमेरिकेकडून चांदीचा प्रचंड साठा विकत घेतला. तेव्हा नाण्यातला धातू आणि नाण्याची किंमत हा काथ्याकूट नव्हता, चुलीपर्यंत पोचलेली गोष्ट होती.

बाबासाहेबांचा मुद्दा थोडक्यात असा : रुपयाची किंमत पाडली की परदेशी माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला नफा दिसतो. पण तो देशाचा नफा नसतो. वस्तूंचे भाव वाढतात, मजुरी मागं राहते. व्यापाऱ्याच्या वहीत जे जमा होतं ते मजुराच्या ताटातून गेलेलं असतं. १९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग कमिशनसमोर साक्ष देतानाही चलनाचा भाव स्थिर राहावा हाच त्यांचा आग्रह होता. पुस्तक चांदीच्या रुपयाबद्दल आहे. मी त्यातला प्रश्न उचलून तांब्याच्या पैशाला लावतोय. चलनाचा भाव हलला की कुणाच्या ताटातून काय जातं?

लावून बघायला दुसरं महायुद्ध पुरेसं आहे.

युद्ध म्हणजे तांबं. बंदुकीच्या काडतुसाची नळी पितळेची, आणि त्या पितळेत दहा भागांत सात भाग तांबं. तोफगोळा, तारायंत्र, मोटारी, सगळ्याला तांबं. भाव चढले. सोन्याचांदीची नाणी तर गडप झालीच, मग आण्याचे, पैशाचे दिवस आले. १९४० सालीच भारत संरक्षण नियमांखाली गरजेपेक्षा जास्त नाणी जवळ करणं गुन्हा ठरलं. तरी १९४२-४३ मध्ये सुट्ट्या पैशांचा दुष्काळ पडला. काठेवाड आणि राजस्थानातल्या काही संस्थानांनी तर पैशा-आण्याच्या कागदी चिठ्ठ्या छापल्या. बिकानेर, मोरवी, जुनागढ. पैशाची कागदी चिठ्ठी! दोनदा ओली झाली की लगदा.

सरकारनं मग पैशाला भोक पाडलं. १९४३ ते १९४७ मधला तो भोकाचा पैसा, वरच्या बाजूला मुकुट, मध्ये मोकळं आकाश. १९४२ नंतरची पै नाही, ती तिथंच मेली. मुंबई-कलकत्त्याच्या टाकसाळी पुरेनात म्हणून लाहोरला नवी टाकसाळ काढली. काही पैसे थेट दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाहून पाडून आणले.

आता जरा पाटी-पेन्सिल घ्या. पंचम जॉर्जचा जुना पैसा ४.८६ ग्रॅमचा. किलोला सुमारे दोनशे सहा पैसे, म्हणजे तीन रुपये साडेतीन आण्यांच्या जवळपास. भोकाचा पैसा सुमारे दोन ग्रॅमचा. किलोला पाचशे, म्हणजे सात रुपये तेरा आणे. तेच काशाचं किलो. आधी त्यातून सव्वातीन रुपयांचा खुर्दा निघायचा, आता पावणेआठ रुपयांच्या वर. जाड पैसा बाजारातून गेला, पातळ पैसा आला. ज्यांनी जाड पैसे पोत्यांत भरून ठेवले त्यांना मधला फरक मिळाला. ज्यांनी ठेवले नाहीत त्यांना भोक मिळालं.

ठेवणार कोण? इथं सगळी मेख आहे. नाणं साठवायचं तर आजची भाकरी आधी भागलेली असावी लागते. गिरणीच्या बदली कामगारानं संध्याकाळी चार आणे हातात घेतले की ते वाण्याच्या दुकानात जातात : पीठ, तेल, मीठ, मिरची. पैसे जाड आहेत की पातळ हे बघायला तो थांबू शकत नाही. वाणी थांबू शकतो. त्याच्या गल्ल्यात दिवसभर शंभर गिऱ्हाइकांची मोड पडते. रात्री तो बसून निवडतो. जाड इकडं, पातळ तिकडं. दुसऱ्या दिवशी मोड द्यायची वेळ आली की पातळ द्यायचे, नाहीतर म्हणायचं मोड नाही, उरलेल्या पैशांचा गूळ घे. गूळही त्याचाच. गुन्हा कायद्यात होता, निवडणारा हात दुकानाच्या आत होता.

आणि ते तांबं शेवटी जायचं कुठं? लढाईत. खडकीच्या कारखान्यात काडतुसं भरणाऱ्यांत आपली माणसं होती. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. ती काडतुसं झाडणाऱ्यांतही आपली माणसं होती.

आमच्या आजीच्या करदोड्यात एक भोकाचा पैसा ओवलेला होता. ती म्हणायची, “जाडा पैसा दिसला न्हाई की कुटं गेला, मी काय सांगू बाबा. ह्यो गेला न्हाई, कारण ह्येला दोरा व्हता.” लहान पोरांच्या कमरेला तो नजर लागू नये म्हणून बांधायचे. गॅरेजवाले तो वायसर म्हणून नटाखाली घालायचे, बाजारातल्या वायसरपेक्षा स्वस्त पडतो म्हणून, असंही जुने लोक सांगतात. म्हणजे इथंही धातूनं शिक्क्याला हरवलंच. फक्त यातनं कुणी श्रीमंत झालं नाही.

स्वातंत्र्य आलं. १९५० च्या पैशावर घोडा आला, सिंह आले. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली : रुपयाचे शंभर नवे पैसे. हिशेब सोपा झाला, शाळेतल्या पोरांची पावकी-निमकी सुटली, चांगलं झालं. पण बदलाच्या कोष्टकात एक जुना पैसा म्हणजे दोन नवे पैसे धरला. खरा हिशेब दीडच्या किंचित वर. जो आण्यात घेतो त्याला आण्याचे सहा, म्हणजे त्याला थोडा फायदाच. जो एका पैशाची विडी, एका पैशाचं मीठ घेतो त्याला तोटा. अपूर्णांकाची भरपाई सगळ्यांत लहान गिऱ्हाइकानं केली. कुणी मुद्दाम केलं नसेल. मुद्दाम न करता जे आपल्यावर पडतं तेच तर मोजायला घेतलंय.

नवा पैसा काशाचा होता, दीड ग्रॅमच्या आसपास. १९६२ मध्ये त्याचं कासंही गेलं, पितळेच्या जातीचा धातू आला. १९६४ मध्ये ‘नवा’ हा शब्द गळला. १९६५ मध्ये पैसा ॲल्युमिनियमचा झाला, चौकोनी, पाऊण ग्रॅमचा. पाण्यात हलकेच ठेवला तर तरंगायचा. तांब्याची गोष्ट आपल्या पैशापुरती तिथं संपली.

साठवण मात्र संपली नाही. १९७१ साली सरकारला लहान नाण्यांसाठी खास कायदा करावा लागला : रुपयाच्या आतली नाणी आटवणं, नासणं, गरजेपेक्षा जास्त दाबून ठेवणं गुन्हा. म्हणजे पोती भरली जात होतीच. पुढं २००७ च्या सुमारास बंगालच्या सीमेवरून बातम्या आल्या की रुपयाची नाणी चोरून बांगलादेशात जातात आणि आटवून त्यांची दाढीची पाती होतात. कलकत्त्यात मोडीचा तुटवडा पडला. आणि आसामच्या काही चहामळ्यांत मजुरांना नाण्यांच्या जागी पुठ्ठ्याचे तुकडे मिळू लागले, मळ्याच्याच दुकानात चालणारे. ते मजूर कोण? छोटा नागपूर, ओरिसाकडून पूर्वी भरून नेलेल्या आदिवासी-दलितांची नातवंडं. १९४३ च्या संस्थानी चिठ्ठीनंतर चौसष्ट वर्षांनी पुन्हा पुठ्ठा. २०११ च्या नाणे कायद्यानं १९७१ चा कायदा पोटात घेतला. नाणं आटवलं तर सात वर्षांपर्यंत कैद, आणि दर्शनी किमतीपेक्षा वेगळ्या किमतीला विकायला नाण्यांचा ढीग बाळगला तरी गुन्हा. त्याच वर्षी ३० जूनपासून चार आणे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली.

हा धंदा फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत तो आजही उघड्यावर चालतो, म्हणून तोही बघू. तिथली सगळ्यांत लहान मोड म्हणजे एक सेंट, बोलीत पेनी. १९८२ पर्यंत तिच्यात शंभराला पंच्याण्णव भाग तांबं, वजन ३.११ ग्रॅम. १९८२ मध्ये आत जस्त घातलं आणि वर तांब्याचा नुसता मुलामा. दिसायला सारखी, आतून वेगळी. जुन्या पेन्या किलोला तीनशे एकवीस, म्हणजे दर्शनी तीन डॉलर एकवीस सेंट. २०२४ मध्ये तांब्याचा भाव टनाला सरासरी नऊ हजार डॉलरच्या आसपास होता. त्या भावानं त्याच किलोतलं तांबं साडेआठ डॉलरचं. मग लोक बँकेतून पेन्यांच्या गुंडाळ्या आणतात, घरी बसून १९८२ च्या आधीच्या निवडतात, उरलेल्या बँकेला परत करतात. निवडायची छोटी यंत्रंही मिळतात. आटवायला बंदी आहे : एकदा १९७४ ते १९७८ होती, पुन्हा २००६ च्या डिसेंबरात आली, पाच वर्षांची कैद नाहीतर दहा हजार डॉलर दंड. म्हणून ते आटवत नाहीत. डबे भरून ठेवतात, किंवा दर्शनी किमतीच्या वर भाव लावून दुसऱ्या साठवणाऱ्याला विकतात, या भरवशावर की एक दिवस बंदी उठेल. पेनी पाडायला सरकारला तीन सेंटांहून जास्त खर्च यायचा. १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पाडली.

मला या साठवणाऱ्यांचा राग येत नाही. त्यात चाकरमानी, पेन्शनर, साधी माणसंही आहेत. त्यांचा खेळ बिनतोट्याचा आहे. तांबं पडलं तरी बँक पेनीचा सेंट देणारच. थांबायची ऐपत आणि खाली भक्कम जमीन, एवढं असलं की साध्या माणसालाही धातूचा नफा बघता येतो. चाळीतल्या बदली कामगाराकडं यातलं काहीच नव्हतं. आणि अमेरिकेतसुद्धा, आठवड्याचा पगार आठवड्यात संपवणारी बाई पेन्या निवडत बसत नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

आपल्याकडं आता तांब्याचा पैसा नाही, पण तांबं निवडणारे हात आहेत. सराफकट्ट्यावरची धूळ झाडून, धुऊन तिच्यातला सोन्याचांदीचा कण काढणारे झारेकरी पिढ्यान्पिढ्या आहेत. शहरांच्या कडेला भंगार वेचणारे आहेत. त्यांत आपल्या आणि भटक्या जातींच्या बाया-पोरं किती, हे सकाळी कचऱ्याच्या ढिगावर जाऊन कुणीही बघावं. जळक्या तारा, जुन्या मोटारींच्या गुंडाळ्या, पंख्यांची वळणं, फ्रिजच्या नळ्या. तारेवरचं प्लास्टिक सुरीनं सोलत बसायला दिवस जातो, म्हणून पोरं ती रात्री जाळतात. काळा धूर छातीत जातो. जळून काळं पडलेलं तांबं भंगारवाला हलकं म्हणून घेतो, सोललेलं लाल तांबं भारी म्हणून. दोन्हींच्या भावात फरक. सोलायला वेळ आहे त्याला भारी भाव, संध्याकाळी पीठ आणायचं आहे त्याला हलका.

पुण्याच्या जुन्या बाजारात अजून शिवराया, राणीछाप, भोकाचे पैसे फडक्यावर मांडलेले असतात. ज्याच्यावरचं अक्षर शाबूत ते नगावर जातं, हौशी लोक घेतात. घासून गुळगुळीत झालेलं वजनावर. तिथून थोडं अंतर गेलं की भंगाराची दुकानं. काट्यावर तांबं चढतं, दुकानदार हातातल्या फोनवर आजचा भाव बघतो आणि सांगतो. फोनचा पडदा त्याच्याकडं वळलेला असतो.